आयत्या मांडलेल्या खुर्च्या

आमचे वडील, नाना, गेले तो मंगळवार होता. दादाचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात होतो. दादा मिरजेला गेला. मी गेलो नाही; माझी परीक्षा होती.

परीक्षा मातीची होती. (खरंच. कुठल्या जमिनीवर किती वजन ठेवलं म्हणजे ती खचते, या विषयात मी मिशिगनच्या एका विद्यापीठात पीएच.डी. करत होतो. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती.) तासाभराच्या अंतरावर ट्रॉयला दादा राहायचा. तो मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर होता. वहिनी नागपूरच्या. त्यांची मिनू सहा वर्षांची. तिला मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र ती इंग्रजीत द्यायची.

ऑगस्टमध्ये दादा आईला घेऊन आला. आई बोलत नव्हती.

बोलत नव्हती म्हणजे कमी बोलत होती असं नव्हे. नाना गेल्यापासून तिच्या तोंडून एक शब्द आला नव्हता. हवं असेल तर मान हलवायची, नको असेल तर हात. दादाने तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि गळा उत्तम असल्याचं सांगितलं.

"गळा उत्तम आहे हे मला माहीत नाही का?" दादा घरी येऊन म्हणाला. "घरातून मारलेली हाक मला शाळेच्या मैदानावर ऐकू यायची!"

त्या घरात तेव्हा पायांखाली जाड कार्पेट होतं. आईची पावलं वाजायची नाहीत, बांगड्या नव्हत्या, आवाज नव्हता. आपण पुस्तकातून डोकं वर काढावं तर आई समोर उभी. किती वेळ उभी होती, कळायला मार्ग नाही.

"भाऊजी, मी फ्रिजचं दार लावते आणि दारामागे आई!" वहिनी मला हळूच म्हणाल्या. "रोज एक तरी अंडं फुटतं माझ्या हातून."

दादाने यावर उपाय शोधला तो सहलींचा. शुक्रवारी मी बसने ट्रॉयला पोचायचं, शनिवारी सकाळी सगळ्यांनी स्टेशन वॅगनमध्ये बसायचं आणि आईला काहीतरी प्रचंड दाखवायचं. इतकं प्रचंड, की तिच्या तोंडून निदान 'अगंबाई' निघालं पाहिजे. आम्ही तिला नायगारा दाखवला. तिने चष्मा पुसला. शिकागोला उंच इमारतीवर नेलं. तिने खाली पाहिलं आणि डोळे मिटले. मिशिगन सरोवराकाठी दादा ओरडून म्हणाला, "आई, हे तळं आहे, तळं! पलीकडचा काठ दिसत नाही बघ!" आईने मान हलवली. नाही दिसत.

नकाशा वाचणं माझ्याकडे होतं. (माझ्या नकाशावाचनामुळे आम्ही एकदा न ठरवता ओहायोला जाऊन आलो होतो.)

बघता बघता ऑक्टोबर संपत आला. आईचं परतीचं तिकीट बुधवारचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी दादा मला गराजमध्ये घेऊन गेला आणि दार लावून घेतलं.

"अशी कशी पाठवायची रे तिला? त्या घरात एकटी. कुणी दार वाजवलं तर 'कोण आहे' एवढं तरी म्हणायला नको?"

"तिकीट कॅन्सल कर."

"करणार होतो. तिने तिकीट ट्रंकेत खाली ठेवून वर साड्या रचल्या आणि ट्रंकेवर बसली. तासभर बसून होती. आता उद्याचा एकच शनिवार."

तर तो शनिवार.

सकाळपासून धुकं होतं. हॅलोविनचे दिवस असल्याने शेजाऱ्यांच्या दारांत भोपळे, झाडांवर पांढऱ्या चादरींची भुतं, आणि समोरच्या घराच्या दिव्याला एक प्लॅस्टिकचा सांगाडा लटकत होता. आई गाडीत बसता बसता थांबली आणि तिने सांगाड्याला नमस्कार केला.

"आई, तो खोटा आहे," वहिनी म्हणाल्या. "सण आहे इथला."

आईने वहिनींकडे असं पाहिलं, की वहिनींनीही घाईघाईने हात जोडले.

उत्तरेला एका तळ्याकाठी मेपलची लाल पानं बघायची असं ठरलं होतं. पण हायवेवर धुकं इतकं दाटलं, की समोरच्या गाडीचे दिवे तेवढे दिसत आणि मध्येच तेही विझत. पाट्या अंगावर आल्यावर वाचता येत होत्या, म्हणजे वळण चुकल्यावर.

"लेफ्ट की राइट?" दादा.

"लेफ्ट," मी ठामपणे म्हणालो. (मला काहीही दिसत नव्हतं. पण संशोधकाने ठाम असावं.)

दहा मिनिटं आम्ही लेफ्टला गेलो. मग डाव्या हाताला एक उघडं लोखंडी फाटक आलं. आत बारीक रस्ता, दोन्हीकडे मेपल, खाली गालिच्यासारखी कापलेली हिरवळ आणि तिच्यावर लाल पानांचा सडा. थोड्या थोड्या अंतरावर फुलांच्या कुंड्या होत्या.

"पार्क!" दादा म्हणाला. "बघ, कसं मेन्टेन केलंय! तळं गेलं खड्ड्यात, इथेच जेवू."

एकही माणूस नव्हता. पक्षीही नव्हते. गाडीची दारं आम्ही लावली तर आवाज लगेच विरला, कुणी वर उशी ठेवावी तसा. आई सगळ्यांत शेवटी उतरली. उतरताना तिने चपला काढून गाडीतच ठेवल्या. गारठ्यात अनवाणी का, असं वहिनींनी विचारलं. आईने हात हलवला. नकोत.

थोडं पुढे गेल्यावर आम्हाला तो तंबू दिसला. चार खांबांवर हिरवं कापडी छत, खाली दोन ओळींत बारा खुर्च्या. खुर्च्यांना मखमली खोळी! समोर जमिनीवर हिरवी सतरंजी अंथरलेली, मधोमध एक चकचकीत धातूची चौकट आणि तिच्या आतही तीच सतरंजी, ताणून बसवलेली.

"याला म्हणतात अमेरिका," दादा खुर्चीवर रेलत म्हणाला. "पिकनिकला या, खुर्च्या मांडून तयार!"

"सगळ्या एकाच दिशेला तोंड करून का मांडल्यात पण?" वहिनींनी विचारलं.

"व्ह्यू असेल तिकडे. धुकं गेलं की दिसेल."

आम्ही पाच जण ओळीने त्या दिशेला तोंड करून बसलो आणि धुक्याकडे बघू लागलो. माझ्या मानेवर काटा आला. इथे कुणाची तरी वाट पाहिली जात होती आणि ते आम्ही नव्हतो, असं काहीतरी वाटलं. मी शास्त्राचा विद्यार्थी असल्याने ते वाटणं थंडीवर ढकललं, चहाचा थर्मास त्या चौकटीच्या कडेवर ठेवला, आणि माझ्या विषयाकडे वळलो. सतरंजीच्या एका कडेला उंचवटा होता. मी कड उचलून चिमूटभर माती घेतली आणि बोटांत चोळली.

"काल-परवा उकरलेली आहे," मी जाहीर केलं. "आणि हा ढिगारा बघ, साधारण सहा फूट तरी खणलं असणार. पाइपलाइनचं काम असावं."

(माझ्या पीएच.डी.ला त्या वेळी चार वर्षं झाली होती.)

वहिनींनी डबे उघडले: दशम्या, बटाट्याची भाजी, दहीभात, लसणाची चटणी. आईने एक घास पानावर काढला, उठून हिरवळीवर ठेवला, हात जोडले. आमच्या घरातली ती रीत, त्यामुळे कुणी लक्ष दिलं नाही. दादाने मला विचारलं, की आपण नेमके कुठे आहोत. मी नकाशा पसरला. दादाने तो ओढला. वहिनी म्हणाल्या, तुम्ही दोघं भांडा, भात मी मिनूला भरवते. दहा मिनिटं गेली असतील.

मिनूने विचारलं, "व्हेअर इज आजी?"

आईची खुर्ची रिकामी होती.

धुक्यात दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. दादाने हाक मारली, "आई!" उत्तर नाही. चार महिने उत्तर आलं नव्हतं, ते आत्ता कुठून येणार? न बोलणारं माणूस हरवलं तर ते हाकेने सापडत नाही, हे मला तेव्हा प्रथम कळलं. दादाने मला डावीकडे पाठवलं, तो रस्त्याकडे धावला. वहिनी मिनूला धरून तंबूतच थांबल्या.

मी हिरवळीवरून निघालो. पाय कशावर तरी सटकला. पानं बाजूला केली तर जमिनीत सपाट बसवलेली पितळी पाटी. वर एका बाईंचं नाव आणि दोन सालं. मी पुढे झालो. दुसरी पाटी. दुसरं नाव. दोन सालं. पायांनी पानं सारत गेलो, तर पाट्याच पाट्या, ओळीने, बुटाखाली, मागे, पुढे, जिथवर दिसत होतं तिथवर. उभे दगड नाहीत, क्रूस नाहीत, म्हणून आम्हाला ती हिरवळ वाटली होती.

तेव्हा मला पाइपलाइनचा उलगडा झाला. खुर्च्यांचा झाला. चौकटीच्या आत ताणून बसवलेल्या सतरंजीखाली काय नव्हतं, याचाही झाला. आणि तिच्या कडेवर माझा थर्मास होता.

मी तसाच उभा होतो, तोच धुक्यातून आवाज आला.

"बसा हो. उभ्याउभ्या काय बोलायचं?"

आईचा आवाज. चार महिन्यांनी! थोडा घोगरा, पण तिचाच. मग ती थांबली. समोरच्याचं ऐकून घेताना माणूस थांबतं तेवढीच. मग म्हणाली, "हो ना. इकडे आले असतील तर कळवा. उंच आहेत. बोलायची सवय फार. तुम्हाला लगेच ओळखू येतील."

पुन्हा थांबली. आणि हसली.

इथे एखाद्या शहाण्या मुलाने काय केलं असतं? आवाजाच्या दिशेने गेला असता. आईचे पाय धरले असते. मी "आई?" असं एकदा म्हणालो, उत्तर आलं नाही, आणि मी पळालो. सरळ उलट्या दिशेने, पाट्यांवरून, "माफ करा, माफ करा" असं मराठीतून म्हणत.

धापा टाकत तंबूत शिरलो. तिथे दादा परतला होता, आणि आमच्याकडे धुक्यातून दिव्यांची एक ओळ अगदी हळू येत होती. पहिली गाडी लांबलचक काळी.

"पार्कवाले आले वाटतं," दादा म्हणाला. "बरं झालं. आईला शोधायला मदत मागू."

"दादा, हे पार्क नाही."

"मग काय आहे?"

मी सांगितलं. वहिनींच्या हातातला चमचा दहीभातात पडला. डबे झाकायलाही वेळ मिळाला नाही, तेवढ्यात माणसं उतरलीच. काळे कोट, काळ्या टोप्या. आम्ही उठलो, पण मागच्या बाजूने जायला वाट नव्हती आणि पुढच्या बाजूने शवपेटी येत होती. एक उंच मध्यमवयीन गृहस्थ थेट दादाकडे आले, त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि माझ्या वडिलांना तुम्ही ओळखत होता का, असं विचारलं.

दादाच्या तोंडात दशमी होती. तो फक्त मान हलवू शकत होता. त्याने ती हलवली, वर-खाली!

झालं. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. पांढरे हातमोजे घातलेल्या एका माणसाने चौकटीवरून माझा थर्मास उचलला, रुमालाने पुसला आणि वाकून माझ्या हातात दिला. एवढ्या आदराने माझ्या हाती पुढे पीएच.डी.ची पदवीही कुणी दिली नाही. पेटी चौकटीवर आली. पाद्रीबाबांनी पुस्तक उघडलं.

"हूज इन द बॉक्स?" मिनूने विचारलं.

"शू!"

"डू वी नो हिम?"

"आपले काका आहेत," वहिनी कसंबसं म्हणाल्या आणि रुमाल तोंडाला लावला. शेजारच्या बाईंनी वहिनींच्या पाठीवर हात फिरवला.

आई अजून धुक्यात होती. उठावं कसं, कळत नव्हतं. दादा ओठ न हलवता मला म्हणाला, "सापडली का?" मी म्हणालो, "आवाज ऐकला." "कुणाचा?" "आईचा. कुणाशी तरी बोलत होती." "कुणाशी?" मी पाट्यांच्या दिशेला बोट केलं. दादाने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

आणि मागून कुणाचा तरी श्वास अडकल्याचा आवाज आला. पाद्रीबाबा थांबले.

धुक्यातून आई येत होती. फिक्या रंगाची साडी, डोक्यावर पदर, अनवाणी, पायांचा आवाज नाही. काळ्या कोटांची रांग आपोआप दुभंगली. ती कुणाकडे न बघता पेटीपाशी गेली, हात जोडले, क्षणभर डोळे मिटले. मग आमच्याकडे वळली.

"उठा," आई म्हणाली. "दुसऱ्यांच्या जागेवर बसलायत."

चार महिने आम्ही ज्या शब्दाची वाट पाहिली, तो हा होता. दादा उठला, आणि उभा राहून ढसाढसा रडायला लागला. मीही. तिथल्या सगळ्या मंडळींत, सख्ख्या मुलासकट, आमच्याइतकं कुणी रडलं नसेल. त्या उंच गृहस्थांनी आम्हा दोघांना मिठी मारली. त्यांच्या वडिलांचे असे जिवलग मित्र होते हे त्यांना नव्यानेच कळत होतं.

विधी संपल्यावर आई त्या मेलेल्या गृहस्थांच्या बायकोजवळ बसली. म्हातारी गोरी बाई, हात मांडीवर, नजर चौकटीवर. आईने वहिनींकडून डबा मागून घेतला, दशमीवर चटणी लावली आणि तिच्यापुढे धरली.

"खा. सकाळपासून पोटात काही गेलं नसेल."

बाईंनी आईकडे पाहिलं आणि खाल्लं. मग सगळ्यांनीच एकेक तुकडा घेतला. ही आमच्याकडची प्रथा असावी, असं कुणी तरी कुजबुजलं. वहिनींची लसणाची चटणी नागपूरच्या मापाची होती. कोरडे राहिलेले डोळेही वाहायला लागले. त्या दोघी म्हाताऱ्या हात धरून बसल्या होत्या. आई मराठीत बोलत होती, त्या इंग्रजीत. दोघीही आळीपाळीने मान डोलवत होत्या.

आम्ही गाडीत बसलो. फाटकाशी दादा थांबला. "आता कुठे वळायचं?"

मी नकाशा उघडला.

"ठेव तो," आई म्हणाली. "उजवीकडे घे. दोन वळणं सोड, मग मोठा रस्ता. त्या बाईंनी सांगितलंय."

"कुठल्या बाईंनी? आता ज्यांच्याजवळ बसली होतीस त्यांनी?"

"नाही. आधीच्या. आत भेटल्या त्या."

आईला इंग्रजीतलं थँक्यू एवढंच येत होतं. दादाने आरशातून माझ्याकडे पाहिलं, आणि उजवीकडे वळला. दोन वळणं सोडली. हायवे आला.

"आई," दादा म्हणाला, "इतके दिवस का बोलली नाहीस गं?"

आई खिडकीबाहेर बघत होती. "त्या दिवशी सकाळपासून हे बोलतच होते. पेपरातलं, शाळेतलं, तुमच्या लहानपणचं. माझं डोकं दुखत होतं. म्हटलं, आता जरा गप्प बसा. तर बसले. मी चहा घेऊन आले, तर हे गप्पच." ती थांबली. "मग म्हटलं, मी तरी कोणत्या तोंडाने बोलायचं?"

मिनूने आजीचा हात धरला.

"आज तिथे सगळेच गप्प," आई म्हणाली. "तेव्हा वाटलं, इथे कुणी तरी बोललं पाहिजे. आणि काय रे, तुम्ही दोघं एवढे शिकलेले, तुम्हाला स्मशान ओळखू येऊ नये? मी फाटकातच चपला काढल्या."

"मग सांगायचंस ना!"

"बोलत कुठे होते मी?" मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू. मला हाक मारलीस आणि पळून गेलास."

"मी दादाला बोलवायला..."

"का? परीक्षा होती?"

दादाला हसू आवरेना. त्याने गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत राहिला. वहिनीही. मीही हसलो. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते चटणीचं नव्हतं.

आईचा आवाज परत आल्याचे परिणाम ट्रॉयला पोचताच दिसले. स्मशानातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही! दुपारचे चार, ऑक्टोबरची अखेर, आणि बाहेर पाणी एकच: बागेचं. आईने स्वतः पाइप धरला. दादा, मी, कोट-पँटसकट. वहिनींना आणि मिनूला हातपाय आणि डोक्यावर थेंब एवढ्यावर सूट मिळाली. समोरचे शेजारी सांगाड्याखाली उभे राहून बघत होते. दात वाजवत उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहून त्यांनी अंगठा वर केला आणि ओरडले, की यंदाच्या हॅलोविनला सगळ्यांत भयंकर सोंग माझंच.

बुधवारी आई गेली. विमानतळावर तिने तिकीट तपासणाऱ्या मुलीला मराठीतून रस्ता विचारला आणि बरोबर दारात गेली.

मिरजेहून ती पत्रं पाठवत नसे, कॅसेटी पाठवायची. नव्वद मिनिटांच्या, दोन्ही बाजू भरून. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. या मार्चमध्ये दादा गेला. मी गेलो, वेळेवर पोचलो. वहिनी अजून ट्रॉयच्या घरात आहेत. मिनू फ्रीमाँटला असते आणि फोन करून मला जेवलास का असं मराठीत विचारते. परत निघताना वहिनींनी दादाच्या कपाटातल्या आईच्या कॅसेटी माझ्या हाती दिल्या. त्या आता माझ्याबरोबर माझ्या घरी, प्लेनोला आहेत. तेवीस आहेत. रोज संध्याकाळी मी एक लावतो. प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला आई सगळ्यांची नावं घेऊन चौकशी करते, आणि शेवटी विचारते, "आणि तो पळपुटा कसा आहे?"

पळपुटा बरा आहे.